सेझानचं गाव उतरवता उतरवता वॉटरकलर शिका

वॉटरकलर शिकायचंय आणि तेच ते सनसेट करून कंटाळा आलाय ना, मग फ्रेंच चित्रकार पॉल सेझानचं गार्दानचं चित्र समोर ठेवा आणि तेच कागदावर उतरवा. गार्दान हे फ्रान्समधलं एक्स-आँ-प्रोव्हान्स शहराजवळचं टेकडीवरचं गाव, सेझान १८८५-८६ मध्ये तिथे काम करत होता. त्याने या गावाची जी चित्रं केली त्यातलं ब्रुकलिन म्युझियममधलं उभं चित्र घ्या. आहे ऑईलमधलं, पण अपुरं राहिलंय, मधेमधे कॅनव्हास कोराच दिसतो आणि आपल्याला नेमकं तेच हवंय, कारण वॉटरकलरमध्ये पांढरा रंग म्हणजे कागद, तो एकदा झाकला की गेला.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कोल्ड प्रेसच (जरा खरखरीत) घ्या, इथे पैसे वाचवू नका, साध्या ड्रॉइंग बुकचा कागद फुगतो, खळग्यात पाणी साचतं आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ८ आणि १२ नंबरचे राउंड ब्रश, कागद बोर्डला चिकटवायला मास्किंग टेप, पाण्याचे दोन मग, जुना सुती पंचा. रंग पाच पुरेत: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन, सॅप ग्रीन. काळी ट्यूब उघडूच नका, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की जो गडद येतो तो जास्त जिवंत दिसतो.

पेन्सिलने खिडक्या-दारं काढत बसू नका. डोळे किलकिले करून बघा, नुसते ठोकळे दिसतील, एकावर एक चढत गेलेले आणि सगळ्यात वर चर्चचा टॉवर. तेवढंच हलक्या हाताने काढा.

आता भिंती. ऑकर कोऱ्या चहाइतका पातळ करा, बोर्डखाली एखादं पुस्तक ठेवून तो जरा तिरका करा, ब्रश भरून आडवा फिरवा, खालच्या कडेला रंगाचा एक टपोरा थेंब जमतो, तो थेंब तुटू न देता खाली खाली ओढत न्यायचा आणि शेवटी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हा सलग थर, सपाट यायचं सगळं कौशल्य या थेंबात आहे, यावर दोन-तीन दिवस गेले तरी चालतील.

मग थांबा. आपल्या नाशकात मे महिन्यात वॉश बघता बघता वाळतो पण श्रावणात अजिबात नाही, मागच्या पावसाळ्यात मी घाई केली आणि छपराचा सिएना सगळा भिंतीत उतरला. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे.

वाळल्यावर छपरं, सिएनात किंचित क्रिमसन. दोन छपरांमध्ये केसाएवढी कोरी रेघ सोडा, घरं आपोआप सुटी होतात. सावलीच्या भिंतींवर पातळ अल्ट्रामरीनचा एकच हात, परत घासायचं नाही. झाडांची पानं नकोत, सेझानसारखे एकाच दिशेचे तिरके फटकारे मारा.

हे दोनदा करून झालं की सकाळी सातला गोदावरीच्या काठावर जा आणि पलीकडून जुन्या गढीवरची घरं बघा, तशीच एकावर एक चढलेली. तिथेच बसा आणि तेच पाच रंग काढा.