लोणारच्या नगरपरिषदेची निवडणूक लढवायची असेल तर

लोणारच्या नगरसेवकाच्या हाती सरोवर नसते, ही गोष्ट उमेदवारीचा विचार करणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावी. हे सरोवर ज्या उल्काविवरात आहे, त्याचा परिसर २००० सालापासून वन्यजीव अभयारण्य आहे आणि त्याचा कारभार वन विभाग पाहतो. दैत्यसूदन मंदिरासह अनेक जुनी मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि विकास आराखड्याचा मोठा निधी राज्य शासनाच्या निर्णयाने येतो. नगरपरिषदेकडे उरतात त्या नाल्या, सांडपाणी, कचरा, नळाचे पाणी, अंतर्गत रस्ते, पथदिवे, बाजार, बांधकाम परवानगी आणि घरपट्टी. तरीही सरोवराचे बरेचसे भवितव्य याच किरकोळ वाटणाऱ्या कामांवर अवलंबून आहे, कारण गाव विवराच्या काठाला खेटून वसलेले आहे आणि वस्तीतील सांडपाणी सरोवरात उतरू नये यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षे जनहित याचिका चालली. ज्याला सरोवरासाठी काही करायचे आहे, त्याने नालीपासून सुरुवात करावी आणि मतदारांनाही तसेच स्पष्ट सांगावे.

तयारी निवडणूक जाहीर होण्याच्या किमान वर्षभर आधी सुरू करावी, कारण प्रत्यक्ष कार्यक्रम फार घाईचा असतो. मागील सार्वत्रिक निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला, १० ते १७ नोव्हेंबर या काळात अर्ज स्वीकारले गेले आणि बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झाले. म्हणजे घोषणेपासून मतदानापर्यंत महिनाही मिळाला नाही. या अवधीत कागदपत्रे जमवणे, पक्षाचे दार ठोठावणे आणि घरोघर जाणे ही तिन्ही कामे एकदम सुरू करणारा उमेदवार तिन्हींत मागे पडतो.

पहिले काम मतदार यादीचे आहे. उमेदवाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते आणि त्याचे नाव नगरपरिषदेच्या हद्दीतील कोणत्याही प्रभागाच्या यादीत असले तरी चालते. सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवणारा, मात्र ज्या प्रभागातून निवडणूक लढवायची, त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. नगरपरिषद स्वतंत्र यादी तयार करत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडली जाते, आणि हे करताना एका गल्लीतील काही घरे शेजारच्या प्रभागात जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी दिलेली मुदत थोडी असते. त्या दिवसांत यादी हातात घेऊन प्रत्येक गल्ली पायी फिरावी. मयत, लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली कुटुंबे आणि नव्याने अठरा पूर्ण केलेली मुले यांच्या खुणा करून ठेवाव्यात. हेच काम पुढे प्रचाराचा कणा ठरते.

लोणारसारख्या वाढत्या गावात आणखी एक अडचण येते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, महामार्ग शेजारच्या मेहकर तालुक्यातून जातो, आणि पर्यटकांबरोबर प्लॉटचे गिऱ्हाईकही वाढते. गावाच्या कडेला पडणाऱ्या नव्या लेआउटमध्ये राहणारे लोक स्वतःला लोणारचेच मानतात, मात्र जमीन हद्दीबाहेर असेल तर त्यांचे मत ग्रामपंचायतीचे असते. नगरपरिषदेकडून हद्दीचा आणि प्रभागाचा नकाशा मिळवून तो प्रत्यक्ष जागेवर पडताळून पाहावा, नाहीतर मतच नसलेल्या घरांत बैठका घेण्यात दिवस जातात.

यानंतर प्रभाग रचना आणि आरक्षणाची सोडत येते, आणि इथेच अनेकांची गणिते कोलमडतात. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, त्याशिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि नागरिकांचा मागास प्रवर्ग यांच्या जागा ठरतात. आपण ज्या प्रभागात पाच वर्षे काम केले, तिथे आपल्याला लढता येईल अशी जागाच उरली नाही, असे सहज होऊ शकते. म्हणून एकाच प्रभागाला चिकटून न राहता शेजारच्या एक-दोन प्रभागांतही ओळख ठेवावी. जागा महिलेसाठी राखीव झाल्यावर पत्नीचे किंवा आईचे नाव पुढे करून कारभार स्वतः पाहण्याची प्रथा सर्वत्र दिसते. ती योग्य नाही असे माझे मत आहे, आणि व्यवहारातही ती टिकत नाही, कारण सर्वसाधारण सभेत बसण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि मत देण्याचा हक्क निवडून आलेल्या सदस्याचाच असतो. घरातील स्त्री खरोखर इच्छुक आणि सक्षम असेल तर तिने सोडतीआधीपासून लोकांत असावे.

राखीव जागेवर लढणाऱ्याकडे जातीचा दाखला असावाच, त्यासोबत जात वैधता प्रमाणपत्रही आधीच काढून ठेवावे. पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा देऊन उमेदवारी अर्ज भरता येतो आणि निवडून आल्यावर सहा महिन्यांची मुदत मिळते, परंतु त्या मुदतीत प्रमाणपत्र सादर झाले नाही तर निवड रद्द होते, आणि निवडून येऊनही पद गमावलेल्या सदस्यांची उदाहरणे राज्यात कमी नाहीत.

अर्ज बाद होण्याची कारणे बहुधा साधी असतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक होत असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. मूल दत्तक दिले ही सबब न्यायालयात टिकत नाही. नगरपरिषदेची मागणी होऊनही थकलेली घरपट्टी किंवा पाणीपट्टी हे दुसरे कारण, म्हणून कुटुंबाच्या नावावरील प्रत्येक मालमत्तेचा नाहरकत दाखला वेळेवर घ्यावा. नगरपरिषदेच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध असेल तर तो आधी संपवावा. अनधिकृत बांधकामाचा मुद्दा निवडून आल्यावरही मागे लागू शकतो, आणि विरोधक तो कधी काढतील याचा नेम नसतो. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरून, त्याची छापील प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. सोबत मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि दाखल गुन्हे यांचे शपथपत्र असते. शपथपत्रातील रकाना रिकामा सोडू नये, लागू नसेल तर तसे लिहावे. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते आणि कचेरीसमोर गर्दी होते, त्यामुळे अर्ज दोन दिवस आधी भरलेला बरा.

पक्षाचे तिकीट घ्यावे की अपक्ष उभे राहावे, याचे उत्तर नगरपरिषदेच्या मतदान पद्धतीत दडलेले आहे. प्रभागात साधारणपणे दोन जागा असतात, आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. म्हणजे मतदार तीन मते देतो. पॅनेलमधील उमेदवाराला नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराची आणि जोडीदाराची मते ओढता येतात, अपक्षाला प्रत्येक मत स्वतः मिळवावे लागते, शिवाय त्याचे चिन्ह अगदी उशिरा ठरते. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत लोणारची लोकसंख्या तेवीस हजारांच्या आसपास होती. वीसेक सदस्यांच्या सभागृहात एका द्विसदस्यीय प्रभागाच्या वाट्याला दोन-अडीच हजार माणसेच येतात. एवढ्या लहान प्रभागात एखादा मोठा वाडा, एखादी गल्ली किंवा चार कुटुंबे निकाल फिरवू शकतात, आणि प्रत्येक घरात स्वतः तीनदा जाणे शक्य असते. पक्षाकडे जायचे असेल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, हातात पडेपर्यंत कोणाच्याही शब्दावर विसंबू नये.

घरी गेल्यावर काय बोलावे, हे भाषणाच्या तयारीपेक्षा महत्त्वाचे आहे. नळाला किती दिवसांआड पाणी येते, नाली कुठे तुंबते, कचरागाडी कोणत्या गल्लीत येत नाही, हे विचारून वहीत लिहावे आणि पुढच्या भेटीत त्यातल्या एखाद्या गोष्टीचे काय झाले ते सांगावे. निवडून येण्याआधीही मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देता येतो, माहिती अधिकारात मागील अर्थसंकल्प आणि सर्वसाधारण सभेचे ठराव मागवता येतात. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च झाला आणि घरपट्टीची वसुली किती झाली, हे ज्याला आकड्यांसह सांगता येते, त्याच्या आश्वासनांकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात. नगरसेवक एकट्याने काहीही मंजूर करत नाही. ठराव सभागृह करते, अंमलबजावणी मुख्याधिकारी करतो. त्यामुळे “मी रस्ता करून देतो” असे म्हणण्याऐवजी “हा रस्ता पहिल्या वर्षीच्या ठरावात यावा म्हणून मी मागणी करीन” असे म्हणावे. ऐकायला ते फिके वाटते, पण पाच वर्षांनी त्याच दारात उभे राहता येते.

काठाजवळच्या जुन्या वस्तीत एक प्रश्न हमखास विचारला जाईल: घर दुरुस्त करायला परवानगी का मिळत नाही? प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानंतर केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. घराच्या दुरुस्तीसाठीही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. हा केंद्राचा कायदा नगरपरिषद बदलू शकत नाही. अर्ज भरण्यासाठी मदत कक्ष उघडणे, नकाशे पुरवणे, प्रकरणांचा पाठपुरावा करणे हे मात्र तिला करता येते, आणि तेवढेच वचन द्यावे.

सरोवराबद्दलही असेच मोजून बोलावे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळ्या देशाचे लक्ष इकडे वळले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे तपासणीत आढळले. या पाण्याचे वैशिष्ट्य त्याच्या खारटपणात आणि तीव्र अल्कधर्मी स्वभावात आहे, आणि वरून येणारे गोडे किंवा सांडपाणी तो स्वभाव बदलते. म्हणून बोटिंग किंवा काठावरच्या रोषणाईची आश्वासने टाळावीत. अभयारण्यात ती नगरपरिषदेच्या अधिकारातही नाहीत. त्याऐवजी आपल्या प्रभागातील प्रत्येक नाली शेवटी कुठे मिळते, शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचते की मध्येच फुटते, याचा पायी फिरून नकाशा करावा. पर्यटकांसाठी स्वच्छतागृहे, वाहनतळ आणि फेरीवाल्यांच्या जागा हे विषय नगरपरिषदेचे आहेत, आणि दुकानदार, ऑटोवाले, खानावळवाले त्यावर ऐकायला तयार असतात.

खर्चाची मर्यादा आयोग ठरवतो. २०२५ च्या निवडणुकीत लोणारसारख्या लहान, म्हणजे ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या सदस्यपदासाठी ती अडीच लाख रुपये होती. निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडून चहापासून मंडपापर्यंत प्रत्येक पावती त्याच दिवशी नोंदवावी. हे काम कार्यकर्त्यांच्या गर्दीतल्या कोणाकडे न देता हिशेब कळणाऱ्या एकाच माणसाकडे द्यावे. मतदानाच्या आधीच्या रात्री पैसे वाटले जातात, हे गावात कोणाला ठाऊक नाही असे नाही. त्यात उतरू नये, आणि समोरचा उतरला तर चित्रीकरणासह आचारसंहिता पथकाकडे तक्रार करावी.

मतदानाच्या दिवशी तीन मते कशी द्यायची हे वृद्ध मतदारांना आधीच समजावून दिलेले असावे, कारण एकच बटण दाबून परत निघणारे बरेच असतात. मतदान प्रतिनिधी यादी पाठ असलेला निवडावा. २०२५ मध्ये ३ डिसेंबरला होणारी मतमोजणी नागपूर खंडपीठाच्या आदेशाने २१ डिसेंबरपर्यंत पुढे गेली आणि तोवर मतदान यंत्रे बंद खोल्यांत राहिली. असा प्रसंग पुन्हा आला तर सुरक्षा कक्षाबाहेर पाळीने बसणारी माणसे आधीच ठरवून ठेवलेली असावीत. निकाल लागल्यावर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो, आणि हे बंधन पराभूत उमेदवारालाही लागू असते. तो न दिल्यास पुढील निवडणुकीसाठी अपात्र ठरवले जाऊ शकते.