उन्हाळ्यात नागपूर आणि वाघाचं जंगल: आधी गेट ठरवा, मग रेल्वेचं तिकीट काढा

मार्च लागला की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "मेमध्ये येतोय गं, तिकिटं झाली, हॉटेल झालं. आता ताडोबाचं तेवढं बघ ना." म्हणजे जे सगळ्यात अवघड, ते सगळ्यात शेवटी आणि दुसऱ्याच्या गळ्यात. रेल्वेत जागा मिळते, नागपुरात खोलीही मिळते. हव्या त्या दिवशी, हव्या त्या गेटची सफारी मात्र मेमध्ये आयत्या वेळी मिळत नाही. म्हणून उलटं चाला: जंगल, मग गेट, मग सफारीची तारीख, आणि त्या तारखेभोवती बाकी सगळं.

महिना

एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा मध्य. सागाची पानं गळलेली असतात, पाणी ठरावीक पाणवठ्यांवरच उरतं आणि जनावरं तिथेच येतात. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, तेव्हा नागपूर-चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जाऊ शकतो. लहान मुलं किंवा साठीच्या पुढचं कुणी सोबत असेल तर ते नऊ दिवस टाळा. कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल ३० जूनपर्यंत उघडं असतं, पण जूनमध्ये पाऊस पडला की जनावरांना पाणवठ्यावर यायची गरजच उरत नाही.

जंगल एकच निवडा

"दोन दिवस ताडोबा, एक दिवस पेंच, जमलं तर नागझिरा" असा बेत कुणी पाठवला की मी तो वाचायचंच सोडून देते. ताडोबा शहराच्या दक्षिणेला, पेंच उत्तरेला, नागझिरा पूर्वेला. सुट्टी गाडीतच संपेल.

वाघ बघायचाच असं मुलांनी मनावर घेतलं असेल तर ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, आणि त्याचा तलाव मगरींसाठी प्रसिद्ध आहे. रस्ता सोपा हवा, जंगल देखणं हवं, वाघ दिसला नाही तरी चालेल असं असेल तर पेंच. राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की पेंचचं सिल्लारी गेट सुमारे सत्तर किलोमीटर, मध्य प्रदेशातलं तुरिया गेट नव्वदच्या आसपास. अगदी एकच दिवस हाताशी असेल तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य किंवा वर्धा जिल्ह्यातला बोर. दोन्ही जवळ आहेत आणि दोन्हीकडे गर्दी कमी.

गेट: इथेच सगळे फसतात

ताडोबाला जायचं हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या गेटने, ते सांगा. कोअरची मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी वेगवेगळी गेटं आहेत. बफरची, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्याची, त्याहून जास्त: आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर आणि आणखी कितीतरी. परवाना त्या-त्या गेटचाच असतो. मोहर्लीचा परवाना घेऊन कोलाऱ्याला उभं राहिलात तर कुणी आत सोडणार नाही, कितीही "दादा, जाऊ द्या ना" केलं तरी.

मोहर्लीचा रस्ता वरोरा-भद्रावतीकडून, कोलाऱ्याचा उमरेड-चिमूरकडून. नकाशात दोन्ही एकाच हिरव्या डागाला चिकटलेली दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की खोली इथे घेतली आणि सफारी तिथून केली तर काय बिघडलं. बिघडतं असं की मधलं जंगल तुमच्या गाडीसाठी नाही. बाहेरून वळसा घालायला दोन तासांहून जास्त लागतात, आणि सकाळची पाळी उन्हाळ्यात पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होते. त्याआधी अर्धा-पाऊण तास गेटवर पोचून ओळखपत्रं दाखवायची असतात. आता मागे मोजत या आणि मुलांना किती वाजता उठवायचं ते ठरवा. माझा नियम साधा आहे: मुक्काम आणि गेट यांत वीस मिनिटांहून जास्त अंतर असेल तर ते हॉटेल नको, मग त्याच्या तरणतलावाचे फोटो कितीही निळे असोत. हॉटेलच्या नावात ताडोबा आहे म्हणून ते तुमच्या गेटजवळ असतं असं नाही. फोन करून सरळ विचारा, "गेट कुठलं आणि किती मिनिटं?" उत्तरात "जवळच आहे मॅडम" आलं तर पुन्हा विचारा.

मोबाइलच्या नकाशात नुसतं ताडोबा टाकून निघू नका. गेटचं नाव टाका.

नावांचा घोळ वेगळाच. नवेगाव हे ताडोबाचं एक गेट आहे, आणि नवेगाव नावाचं राष्ट्रीय उद्यान थेट गोंदिया जिल्ह्यात आहे. पवनीही दोन आहेत: एक भंडारा जिल्ह्यातलं जुनं गाव, जे कऱ्हांडल्याच्या अभयारण्याच्या नावात येतं, आणि एक महामार्गावरचं, जिथून सिल्लारीला वळतात. भाड्याच्या गाडीच्या चालकाला नुसतं "पवनी" सांगून मागच्या सीटवर झोपू नका.

पेंचमध्ये घोळ राज्यांचा आहे. सिल्लारी, चोरबाहुली, कोलितमारा, खुर्सापार ही महाराष्ट्राची गेटं. तुरिया, कर्माझिरी, जमतरा मध्य प्रदेशची. खुर्सापार आणि तुरिया शेजारी-शेजारी आहेत, पण बुकिंगची व्यवस्था वेगळी, दर वेगळे, सुट्टी वेगळी. एकाचं मिळालं नाही तर दुसऱ्याचं बघा, हे बहुतेकांना सुचतच नाही.

आता बफर. "बफर म्हणजे दुय्यम, तिथे काही दिसत नाही" असं सांगणाऱ्याने बहुधा बफर पाहिलेलं नसतं. जंगलाची ती रेघ आपल्या कागदावर आहे, वाघीण पिल्लांना घेऊन पाणी असेल तिकडे जाते. ताडोबाच्या बफरमध्ये, विशेषतः आगरझरी-देवाडा आणि अलिझंझा-मदनापूरच्या बाजूला, कडक उन्हाळ्यात उत्तम जंगल बघायला मिळतं. पैसे कमी लागतात आणि बुकिंगही लवकर मिळतं. कुटुंबासाठी माझा सल्ला: एक सफारी कोअरची, एक त्याच बाजूच्या बफरची. मोहर्लीला राहणार असाल तर आगरझरी किंवा जुनोना, कोलाऱ्याला राहणार असाल तर अलिझंझा किंवा मदनापूर. दोन्ही सफाऱ्या कोअरच्याच मिळाव्यात म्हणून अडून बसलेले लोक शेवटी कुणा दलालाला जास्तीचे पैसे देतात.

दलालावरून आठवलं. "गॅरंटी साइटिंग" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. वाघाची हमी त्या जंगलाचा वनाधिकारीही देत नाही. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो का ते बघा, कारण हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी पानं पुष्कळ आहेत. मध्य प्रदेशच्या गेटांसाठी एमपी ऑनलाइन हे संकेतस्थळ. परवाना, जिप्सी (सफारीची उघडी जीप) आणि गाइड यांतलं काय ऑनलाइन भरलं आणि काय गेटवर द्यायचं, हे पैसे भरायच्या आधी वाचा. एका जिप्सीत सहा प्रवासी, शिवाय चालक आणि गाइड. सात जणांचं कुटुंब असेल तर दोन जिप्सी घ्याव्या लागतील. "छोटा आहे, मांडीवर बसेल" हे आधी विचारून घ्या, गेटवर वाद घालू नका.

आणि नावं. ओळखपत्रावर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने, त्याच ओळखपत्राचा नंबर. घरात सगळे नाना म्हणतात म्हणून फॉर्मवर 'नाना' लिहिणारे मी पाहिले आहेत. मूळ ओळखपत्र सोबत हवं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. एक मावशी ऐनवेळी आली नाही म्हणून तिच्या जागी काका, असं करता येईल हे गृहीत धरू नका. म्हणून कोण येणार हे आधी पक्कं करा, मग बुकिंग.

आठवड्याची सुट्टी

ताडोबा मंगळवारी बंद. पेंचची मध्य प्रदेशची बाजू बुधवारी दुपारनंतर बंद. नागपुरातलं मध्यवर्ती संग्रहालय आणि गोरेवाड्याचं प्राणी उद्यान सोमवारी बंद. हे तिन्ही एकत्र मांडलं की आठवडा आपोआप ठरतो: सोमवारी पोचा आणि आराम करा, मंगळवार-बुधवार शहर, गुरुवारी दुपारी जंगल, शुक्रवारी सकाळी दुसरी सफारी करून जेवायच्या वेळेला परत. शनिवार-रविवारी ताडोबाचे दरही चढे असतात, तेही वाचतात.

सफाऱ्या दोनच. गुरुवारची दुपारची आणि शुक्रवारची सकाळची. दुपारी ऊन असतं, पण पाणवठ्यावर बसलेला वाघ तेव्हाच दिसतो. सकाळी हवा गार आणि जंगल बोलतं. तिसरी सफारी मोठ्यांच्या हौसेसाठी असते, मुलं तिच्यात झोपतात.

जिप्सीत

चार तास ओला दुपट्टा डोक्याला. आजी-आजोबा पुढच्या रांगेत, मागच्या सीटवर कंबर मोडते. पांढरे-लाल कपडे नकोत. ताडोबात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोटोसाठी वेगळा कॅमेरा न्या किंवा नुसतं बघा. पाणी स्टीलच्या बाटल्यांत भरपूर, सोबत मीठ-साखर. वाटेल तिथे खाली उतरता येत नाही, त्यामुळे लहानांना गेटवरच शौचालयाला नेऊन आणा.

मुलांना फक्त वाघाचं वेड लावून नेलंत तर वाघ न दिसल्यावर ती रडणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. रानगवा, अस्वल, रानकुत्रे दाखवा. उन्हाळ्यात कुलूचं झाड पानं गाळून पांढरंफटक उभं असतं, त्याला लोक भुताचं झाड म्हणतात. ते शोधायला सांगा. चितळ ओरडलं, वरून वानर खाकरलं, की गाइड गाडी थांबवतो. त्या वेळी "काय झालं, काय झालं" न करता बसणं ही एकच शिस्त आधी शिकवून ठेवा. एप्रिल-मेमध्ये जंगलालगत गावकरी तेंदूपत्ता तोडताना दिसतील. ती माणसं त्याच वाघाच्या शेजारी पायी फिरून पोट भरतात, हेही मुलांना दिसू द्या.

शहर

सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळी नागपूरकर स्वतः कूलरसमोरून हलत नाही, तुम्ही कशाला हलता?

सकाळी तर्री पोहे खाऊन दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तिथे आज भव्य स्तूप आहे. आत शांत बसता येतं, घाई करू नका. दुपार असह्य झाली तर रमण विज्ञान केंद्र किंवा १८६३ सालचं संग्रहालय. रिक्षावाल्याला "अजब बंगला" म्हणा, लगेच कळेल. मुलांना मेट्रोत बसवा, सीताबर्डीला लाइन बदला, थंड हवेत शहर दिसतं. झिरो माइलला पाच मिनिटं पुरेत. तो इंग्रजांच्या काळातला मोजणीचा खांब आहे, आणि "देशाचा बरोबर मध्य इथेच" ही गोष्ट मुलांना ठासून सांगू नका. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, तो वर्षातून मोजकेच दिवस लोकांसाठी उघडतात. १ मे त्यांतला एक, तारीख जुळली तर सोडू नका. संध्याकाळी फुटाळा तलाव.

गोरेवाड्याची बसमधली सफारी फक्त चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी, ज्यांना जिप्सीत चार तास बसवणार नाही. मोठ्या मुलांना ताडोबाच्या आदल्या दिवशी तिथे नेऊ नका. कुंपणातला वाघ जवळून पाहून झाला की जंगलात थांबायचा धीर जातो.

वाटेतलंही धरा. पेंचला जाताना रामटेक: भल्या पहाटे गडमंदिर, तिथेच वर कालिदास स्मारक, आणि जवळच मनसरचं वाकाटककालीन उत्खनन. नऊनंतर पायऱ्यांचे दगड तापतात, अनवाणी पायांना चटके बसतात. मोहर्लीला जाताना वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली उभारलेलं आनंदवन आहे. तिथे तासभर काढायचा असेल तर त्या दिवशी दुपारची सफारी ठेवू नका, धावपळ होते.

सावजी मोठ्यांनी रात्री खावं, सफारीच्या आदल्या रात्री नाही. मुलांना पाटोडी आणि सांबारवडी (सांबार म्हणजे इथे कोथिंबीर) द्या.

मेमध्ये नागपुरात चांगल्या ताज्या संत्र्यांची आशा धरू नका. बहार हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. संत्रा बर्फी मिळते, ती निघायच्या दिवशीच घ्या आणि स्टेशनवर पोचेपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवू नका, कागदाला चिकटते.