पिक्सेल आर्ट करताना अनडू-रीडू कसं वापरायचं

कंट्रोल झेड मारलं की मागं, कंट्रोल वाय मारलं की पुढं, पिक्सेल आर्टचं सॉफ्टवेअर एसप्राइट असू दे नाहीतर ब्राउझरमधलं फुकटचं पिस्केल, एवढं सगळ्यांना माहीतच असतंय. पण मला विचारशील तर चूक पुसण्यापेक्षा बघायला हे जास्त उपयोगी पडतंय.

समजा 32 बाय 32 पिक्सेलच्या चित्रात राजहंसगडाचा बुरूज काढूलास आणि कडेला एक गडद ठिपका टाकलास. आता झूम कमी करून 100 टक्क्यावर आण आणि झेड, वाय, झेड, वाय असं आलटून पालटून मार, ठिपका येतोय जातोय ते बघ, बुरूज गोल दिसतोय की दगड निघाल्यासारखा वाटतोय ते लगेच कळतंय. मोठं करून बघितलास तर काही कळत नाही बघ.

फक्त एक ध्यानात ठेव. मागं गेल्यावर एक जरी नवीन ठिपका पडला तर पुढचं सगळं गेलं, रीडू होत नाही. एसप्राइटमध्ये तर सिलेक्शन बदललं तरी ती स्टेप धरतात, म्हणून मागं जाऊन जुनं चित्र कॉपी करायला कंट्रोल ए मारून सगळं सिलेक्ट करू नकोस, तिथनंच पीएनजी एक्स्पोर्ट कर आणि मग वायनं पुढं ये. प्रेफरन्सेसमध्ये अनडूच्या भागात नॉन-लिनियर हिस्ट्रीचं, म्हणजे नवीन ठिपका पडला तरी पुढच्या स्टेप ठेवायचं ऑप्शन हाय, ते चालू केलास तर हा ताप कमी होतोय, पण नवीन माणसाचा त्यात गोंधळच जास्त होतोय बे.

एकेक ठिपका टाकणं म्हणजे एकेक स्टेप, सलग ओढलेली रेघ मात्र आख्खी एकच. लई मागं जायचं असेल तर झेड बडवत बसू नकोस, एसप्राइटच्या एडिट मेनूत अनडू हिस्ट्री हाय, तिथनं पाहिजे त्या स्टेपवर क्लिक कर.

गोकाकच्या धबधब्याचं ॲनिमेशन करूलास तर अनडू कुठल्या फ्रेमवर लागूलंय ते बघत जा, तू तिसऱ्या फ्रेमवर असलास तरी पहिलीतलं पाणी पुसलं जाऊ शकतंय. आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणी की उन्हाळ्यातली बारकी धार, असलं मोठं ट्रायल अनडूच्या भरवशावर करू नकोस, लेयर डुप्लिकेट कर. प्रोग्राम बंद केला की हिस्ट्री पण गेली, त्यात आपल्याकडं लाईटचा काय नेम, म्हणून गोकाक1, गोकाक2 असं नाव बदलून सेव्ह करत जा.