सायकोसिसचे (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचे) उपचार लवकर सुरू व्हावेत यासाठी ऑनलाइन जाहिरात कशी करावी

जाहिरात लिहायला बसण्यापूर्वी फोन कोण उचलणार, हे ठरवावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते आणि एसटीने आलेल्या कुटुंबाला कोणत्या खोलीत पाठवायचे, हे त्या माणसाला ठाऊक नसेल तर जाहिरातीवरचा पैसा वाया जातो. रात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक द्यावा.

जाहिरात घरच्यांना उद्देशून असावी. भास खरेच वाटणारा तरुण स्वतःला आजारी मानत नाही आणि त्याला दवाखान्यात न्यायचे की भगताकडे, हे बहुधा वडीलधारी मंडळी ठरवतात. मात्र स्मार्टफोन बरेचदा धाकट्या भावाच्या हातात असतो, म्हणून वयोमर्यादा अठरापासून पुढे ठेवावी. आजाराच्या नावाने सुरुवात करू नये, दिसणारा बदल सांगावा. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत वऱ्हाडी आवाज असावा: "पोट्टं रातभर झोपत नाही, एकटंच बोलते, जेवणात काही कालवलं म्हणून ताट सरकवते? दवाखान्यात दाखवा, यावर औषध आहे." भगताची टिंगल करू नये, कारण दुखावलेले घर फोन करत नाही, "देवाचं करा, डॉक्टरलेही दाखवा" एवढे पुरे. मेळघाटात हाच मजकूर कोरकूत हवा. खऱ्या रुग्णाचे छायाचित्र कदापि वापरू नये.

फेसबुकवर "तुम्हाला आवाज ऐकू येतात का?" असा थेट प्रश्न विचारल्यास जाहिरात नाकारली जाऊ शकते, कारण पाहणाऱ्याला अमुक आजार आहे असे सुचवण्यास तेथे मनाई आहे. प्रेक्षकही आजारावरून नव्हे, तालुका आणि वय यांवरूनच निवडावा. गुगलवर मात्र "एकटाच बोलतो", "बाहेरची बाधा उपाय" अशा शोधशब्दांवर जाहिरात लावून पाहावी.

किती जणांनी क्लिक केले, या आकड्यावर भाळू नये. पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंत किती आठवडे गेले, हेच मोजायचे आहे. तारीख कोणाला आठवत नाही, "पोळ्याच्या आधीपासून की नंतर?", "कापूस वेचणीला जात होता का?" असे विचारले की महिना बरोबर निघतो.

सायकोसिस लवकर ओळखण्याच्या नॉर्वेतील टिप्स (TIPS) प्रकल्पात वृत्तपत्रे, रेडिओ आणि लगेच भेटणारे पथक यांमुळे लक्षणापासून उपचारापर्यंतचा हा काळ मध्यकाने (म्हणजे निम्म्या रुग्णांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) २६ आठवड्यांवरून ५ वर आला होता. प्रचार थांबल्यावर तो १५ पर्यंत वाढला. त्यामुळे १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाला सारा निधी उधळण्यापेक्षा, तो थोडाथोडा करून वर्षभर पुरवावा.