प्लेगच्या गावात जिओकॅशिंग कसे करावे

लपवलेली डबी जीपीएसच्या आधारे शोधण्याचा हा खेळ इंग्लंडमधील डर्बीशायरच्या ईम या खेड्यात वेगळाच रंगतो. सप्टेंबर १६६५मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर येथे प्लेग शिरला, असे सांगतात; पुढच्या जूनमध्ये विल्यम मोम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या धर्मगुरूंनी गावकऱ्यांना सीमा न ओलांडण्यास राजी केले. त्या सीमेच्या खुणा आजही शाबूत असल्यामुळे डबी शोधता शोधता सीमाही पायाखालून जाते.

प्रथम जिओकॅशिंगच्या ॲपवर मोफत खाते उघडून ईमच्या परिसराचा नकाशा पाहावा. प्रत्येक डबीच्या नोंदीत शोधाची आणि वाटेची अवघडता १ ते ५ अशा श्रेणीत दिलेली असते. नवख्याने २च्या पुढे जाऊ नये. शोधकांच्या अलीकडच्या नोंदी जरूर वाचाव्यात, कारण लागोपाठ तीन-चार जण रिकाम्या हाती परतले असतील तर डबी बहुधा जागेवर नाही. निर्देशांक कागदावर उतरवताना मिनिटांचे दशांश तपासून घ्यावेत: अक्षांशातील तिसऱ्या दशांश स्थानी एका अंकाची चूक झाली तर फरक दोन मीटरांहून कमी पडतो, पहिल्या स्थानी झाली तर सुमारे १८५ मीटर.

फेरीत स्टोनी मिडलटनच्या पायवाटेवरील सीमेचा दगड अवश्य घ्यावा. त्याच्या माथ्यावर सहा खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवत आणि बाहेरचे लोक त्या मोबदल्यात अन्नधान्य ठेवून जात. गावाच्या उत्तरेकडील मोम्पेसनच्या विहिरीपाशीही अशीच देवघेव चाले. रायलीच्या शेतात मात्र फक्त थांबून पाहावे. एलिझाबेथ हॅनकॉक हिने ऑगस्ट १६६६मध्ये नवरा आणि सहा मुले आठ दिवसांत तेथे स्वतःच्या हातांनी पुरली. थडग्यांभोवती चाचपडत फिरणे, माझ्या मते, कोणत्याही खेळात बसत नाही.

जागा जवळ आली की फोन खिशात घालावा, कारण मोकळ्या माळावरही तो पाचेक मीटरपर्यंतच नेतो आणि झाडीखाली त्याचा भरवसा आणखी कमी होतो. नियमाप्रमाणे डबी जमिनीत पुरलेली नसते, तेव्हा खणू नये. खोडाची ढोली, कुंपणाच्या खांबाची मागची बाजू, रचलेल्या काटक्या अशा जागा पाहाव्यात. येथील बांध चुना-सिमेंटविना नुसते दगडांवर दगड रचून उभे केलेले असल्याने त्यांतला एकही दगड उपसू नये.

डबी सापडल्यावर आतल्या चिठोऱ्यावर नाव आणि तारीख लिहावी. पेन आपले न्यावे, छोट्या डबीत ते मावत नाही. आतली एखादी वस्तू घेतलीच, तर निदान तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी. झाकण घट्ट लावून डबी होती तशीच, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर चुकवून ठेवावी, वाटेतील फाटके ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत सोडावीत आणि ॲपवर नोंद करताना लपवण्याची जागा उघड करणारे छायाचित्र टाकू नये.