लिनक्स लॅपटॉपचा आवाज गेलाय? फॉरमॅटच्या आधी हे बघा

कोल्हापुरात लिनक्सवाले तसे मोजकेच. त्यातल्या कुणाचा आवाज गेला की मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला: "भावा, फॉरमॅट मार की." मारू नका. फॉरमॅटनं आवाज कधीकधी येतोही, पण का गेला होता ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला परत तीच रड.

माझा मूळ धंदा लग्नं आणि जत्रांच्या माईक-स्पीकरचा. लॅपटॉप नंतर गळ्यात पडले. मंडपात आवाज बंद झाला की आम्ही माईक, मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर असं ओळीनं बघत जातो आणि आवाज कुठवर पोचलाय ते शोधतो. लिनक्समध्येही तसंच करायचं. सगळ्यात खाली साउंड कार्ड, त्यावर कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, कार्ड चालवणारा अल्सा, त्यावर सगळ्या अॅपचा आवाज एकत्र करून खाली देणारं पाइपवायर आणि सगळ्यात वर तुमचा ब्राउझर किंवा व्हीएलसी. जुन्या सिस्टिमवर पाइपवायरच्या जागी पल्सऑडिओ असेल. फेडोरानं 34 मध्ये, उबंटूनं 22.10 मध्ये आणि मिंटनं 22 मध्ये पाइपवायर घेतलं, त्यामुळं नेटवरचे पल्सऑडिओचे जुने उपाय डोळे झाकून चालवू नका.

कमांड मी बोलतो तशा लिहितोय. टाइप करताना सगळी छोटी रोमन अक्षरं.

पहिल्यांदा पाव्हूकंट्रोल हे आवाजाच्या मांडणीचं अॅप टाका आणि उघडा. टाइप करताना ते पीएव्हीयू आणि कंट्रोल असं जोडून. नावात पल्स असलं तरी ते पाइपवायरवरही चालतं. एखादं गाणं लावा आणि प्लेबॅकचा टॅब उघडा. तिथं गाण्याच्या नावाखालची पट्टी हलत नसेल तर दोष वरचा, म्हणजे ब्राउझरचा टॅब म्यूट आहे किंवा प्लेअरचं आउटपुट चुकलंय. पट्टी हलतेय आणि तरी शांतता असेल तर ब्राउझर निर्दोष, खाली उतरा. ही एवढी पट्टी बघितली की निम्मा तपास संपतो, आणि नेमकी हीच कुणी बघत नाही.

आता आउटपुट डिव्हायसेस. पेठेतली फुटबॉल मॅच बघायला लॅपटॉप टीव्हीला जोडलेला असतो, नंतर केबल काढली तरी आउटपुट एचडीएमआयवरच अडकून बसतं. ब्लूटूथचंही तेच: तुमचा आवाज शेजारच्या खोलीतल्या स्पीकरवर वाजत असतो. अंगच्या स्पीकरवर हिरवी खूण करा. स्पीकर यादीतच नसेल तर कॉन्फिगरेशनच्या टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल ऑफ आहे का बघा आणि अॅनालॉग स्टिरिओ निवडा.

हे सगळं बरोबर असेल तर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि अल्सामिक्सर टाइप करा. सुरुवातीला एकटा मास्टर दिसेल, त्यावर समाधान मानू नका. एफ6 दाबून खरं कार्ड निवडा. इंटेलच्या मशीनवर बहुतेकदा एचडीए इंटेल पीसीएच असं नाव असतं. मग मास्टर, स्पीकर, हेडफोन, पीसीएम असे उभे खांब दिसतील. खांबाखाली एमएम दिसलं तर तो म्यूट आहे. बाणानं तिथं जा, एम दाबा, वरच्या बाणानं पातळी चढवा. बाहेर पडलात की पुढं सुडो (अॅडमिनचा अधिकार देणारा शब्द) लावून अल्साकंट्रोल स्टोअर चालवा, म्हणजे मांडणी जतन होते. टाइप करताना ते अल्सा आणि सीटीएल असं जोडून लिहायचं.

त्याच पडद्यावर उजवीकडं सरकत गेलात तर बऱ्याच कार्डांवर ऑटो-म्यूट मोड भेटतो. हेडफोन लावला की तो आतले स्पीकर बंद करतो. हेडफोन लागलाय हे मशीनला जॅकमधली छोटी स्विच सांगते. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून येणाऱ्या लॅपटॉपचे जॅक एकदा टॉर्च मारून बघावेत असे असतात: लोखंडाची भुकटी, तेल, वर धूळ. स्विच अडकली की मशीनच्या मते हेडफोन कायम आत. हेडफोनची पिन पाच-सात वेळा आतबाहेर करा, अनेकदा तेवढ्यानं सुटते. नाही सुटली तर ऑटो-म्यूट डिसेबल्ड करून काम चालवा. टाचणी, पिना मात्र आत घालू नका.

सेटिंगमध्ये डमी आउटपुट दिसत असेल तर गोष्ट वेगळी. पाइपवायरला कार्डच सापडलेलं नाही. टर्मिनलमध्ये एप्ले (ए आणि प्ले जोडून), स्पेस, डॅश, छोटा एल एवढं टाका. कार्डांची यादी आली म्हणजे कर्नलला कार्ड दिसतंय, अडलंय वरती. मग सिस्टिमसीटीएल, पुढं डॅश-डॅश-यूझर, रीस्टार्ट, आणि वायरप्लंबर, पाइपवायर, पाइपवायर-पल्स ही तिन्ही नावं. इथं सुडो लावायचं नाही, कारण या सेवा तुमच्या लॉगिनच्या आहेत, सिस्टिमच्या नव्हेत.

यादी रिकामी आली तर कर्नलपाशी जावं लागेल. लॅपटॉपवर विंडोजही असेल तर आधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि साउंड कार्ड कधीकधी भलत्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं. मग मशीन पूर्ण बंद करून परत चालू करा. नुसतं रीस्टार्ट नको.

तरी नाहीच, तर सुडो डीमेसेज चालवून त्यात एसओएफ शोधा. टाइप करताना ते डीएमईएसजी. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत चिपसेटच्या आतच आवाजाचा वेगळा प्रोसेसर, म्हणजे डीएसपी, असतो आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअर (एसओएफ) हा त्याच्यात भरायचा छोटा प्रोग्रॅम लागतो. फर्मवेअर सापडलं नाही अशी ओळ आली की चोर सापडला. डेबियनवर फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड, फेडोरावर अल्सा-एसओएफ-फर्मवेअर हे पॅकेज टाका. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये 2023 च्या 12 व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर सोबत येतं, त्याआधी ते स्वतः आणावं लागायचं. नेटवर डीएसपी ड्रायव्हरला 1 ही किंमत देण्याचा तोडगा सर्रास सांगतात. त्यानं जुना ड्रायव्हर चालू होऊन आवाज येऊ शकतो, पण आतला डिजिटल माईक मुका होतो. ऑनलाइन क्लास घेणाऱ्यानं तो करू नये.

अपडेटनंतरच आवाज गेला असेल तर मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेनूच्या अॅडव्हान्स्ड पर्यायातून जुना कर्नल निवडा. आवाज आला तर काही दिवस त्यावरच राहा, घाई नाही.

एक प्रकार उलटा असतो: हेडफोनमध्ये खणखणीत, स्पीकरमध्ये काहीच नाही, आणि मिक्सरमध्ये सगळं ठीक. काही नव्या लॅपटॉपांत स्पीकरसाठी स्वतंत्र अँप्लिफायर चिप असते. हेडफोनला ती लागत नाही, म्हणून तो वाजतो. त्या चिपचा आधार तुमच्या कर्नलमध्ये नसेल तर स्पीकर गप्प बसतात, अशा वेळी जुना नव्हे तर नवा कर्नल लागतो. ताज्या फेडोराचा किंवा उबंटूचा पेनड्राइव्ह बनवा आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून मशीन चालू करून बघा.

पेनड्राइव्हवरून स्पीकर वाजले तर खर्च शून्य, नवा कर्नल टाका. तिथंही गप्प आणि विंडोजमध्येही गप्प, तर मग राजारामपुरीतल्या दुकानात न्या आणि काउंटरवर सांगा: हेडफोन चालतो, स्पीकर दोन्ही सिस्टिमवर चालत नाहीत, आधी आतली स्पीकरची वायर बघा. एवढं सांगितलंत की तोही फॉरमॅटचे पैसे मागणार नाही.