व्हिनेगरमधलं अंडं: टरफल गेल्यावर खरी मजा सुरू होते

सुट्टीत पोरं "बोअर होतंय" म्हणत किचनमध्ये घुटमळायला लागली की हा प्रयोग काढायचा. सामान काहीच नाही, दोन कच्ची अंडी, काचेची बरणी किंवा मोठा ग्लास, आणि चायनीजसाठी आणलेली ती पांढऱ्या व्हिनेगरची बाटली. बहुतेक जण अंडं रबरासारखं झालं की फोटो काढतात आणि थांबतात, पण माझ्या मते तो फक्त इंटर्व्हल आहे.

आधी अंडं नीट बघून घ्या, बारीकशी जरी चीर असली तरी ते नको. दोरा अंड्याच्या मधोमध गुंडाळून जेवढा लागला तेवढा कापून ठेवा (हे विसरू नका, पुढे लागणार आहे). मग अंडं अलगद बरणीत ठेवायचं आणि पूर्ण बुडेल एवढं व्हिनेगर ओतायचं. लगेच सगळ्या अंगावर बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, थोड्या वेळाने अंडं वरखाली होतं, कधी स्वतःभोवती फिरतं पण. टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आणि व्हिनेगरमध्ये ४-५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं, दोघं भेटले की टरफल विरघळायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेच ते बुडबुडे. म्हणून झाकण घट्ट लावू नका, नुसती ताटली ठेवा, वासही कमी येतो.

दुसऱ्या दिवशी वर फेस आलेला असतो. तपकिरी अंडं असेल तर त्यावर चॉकलेटी साय आल्यासारखं दिसतं, कारण तो रंग टरफलाच्या वरच्या थरातच असतो, आतून ते अंडंही पांढरंच. जुनं व्हिनेगर ओतून नवीन घाला आणि अजून एक दिवस ठेवा. मग नळाच्या बारीक धारेखाली बोटांनी हळूच चोळायचं, उरलेली पांढरी भुकटी निघून जाते. आता हातात राहतं ते नुसतं पातळ पापुद्र्यात धरलेलं अंडं. खोलीतला लाइट बंद करून खालून मोबाइलचा टॉर्च लावा, आत बलक इकडून तिकडे सरकताना चक्क दिसतो! टप्पे पाडायचेच असतील तर ताटात, दोन बोटं उंचीवरून, त्याच्या वर नाही.

आता तो दोरा काढा. पुरत नाही, बरोबर? अंडं फुगलंय. तो पापुद्रा पाण्याला आत-बाहेर जाऊ देतो पण पांढऱ्यातली प्रोटिन्स मोठी असतात, ती अडकतात, म्हणून बाहेरचं पाणी आत शिरत राहतं. ह्यालाच ऑस्मॉसिस म्हणतात, पण नाव नंतर सांगा, आधी पोरांना विचारा की आता हेच अंडं साखरेच्या पाकात टाकलं तर काय होईल आणि उत्तर लिहून ठेवायला लावा.

पाक चांगला घट्ट करा आणि पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर अंडं शिजेल. अंडं त्यात तरंगतं, म्हणून मधून मधून उलटं करायचं. एका दिवसात ते पार लुळं पडतं, सुरकुत्या येतात, कारण पाणी आता उलटं बाहेर पाकात गेलं, साखरांब्याला कैरीला साखर लावली की पाणी सुटतं ना, तसंच. दुसरं अंडं, तेही असंच टरफल काढलेलं, शेजारी साध्या पाण्यात, त्यात फूड कलरचे दोन-चार थेंब, ते टम्म फुगतं आणि रंगही आत जातो. दोन्ही शेजारी ठेवले की समजावून सांगावं लागत नाही. मग अदलाबदल करा, लुळं पडलेलं पाण्यात सोडा, परत भरतं.

अंडं शेवटपर्यंत कच्चंच आहे, त्यामुळे साल्मोनेलाची (पोट बिघडवणाऱ्या जंतूंची) भीती असते, खायचं नाही, फुटलं तर ओटा पुसायचा आणि दर वेळी साबणाने हात धुवायचे. प्रयोग संपला की सिंकमध्ये धरून सुईने टोचा, पिचकारी उडते, तोंड लांब ठेवा.

घरात अंडं चालत नसेल तर कोकणातून आणलेले शिंपले व्हिनेगरमध्ये टाका, तेही कॅल्शियम कार्बोनेटचेच, मस्त बुडबुडे येतात. फळ्यावरचा खडू घेऊ नका, तो बरेचदा जिप्समचा असतो, त्याला काही होत नाही आणि पोरं हिरमुसतात. आणि पाकाच्या भागासाठी बटाट्याच्या चकत्या घ्या, एक मिठाच्या घट्ट पाण्यात, एक साध्या पाण्यात, तासाभराने दोन्ही वाकवून बघा.